मोकोरो

मोकोरो : (अनेकवचन मेकोरो). बोट्स्वानाच्या वायव्य भागातील ओकावांगो त्रिभुज प्रदेशात वापरली जाणारी, परंपरेने एकाच ओंडक्यातून कोरलेली अरुंद होडी. मासेमारी, गवत-लव्हाळ्यांची वाहतूक आणि बेटाबेटांमधील ये-जा यांसाठी ती वापरात होती. आज ती प्रामुख्याने पर्यटकांच्या जलसफरींसाठी ओळखली जाते.

होडीची लांबी साधारणपणे ६ मी. असते. टेंभुर्णीच्या प्रजातीतील जॅकलबेरी किंवा आपल्याकडेही उद्यानांत लावला जाणारा किगेलिया यांचे सरळ वाढलेले खोड वाकसाने पोखरून ती घडवीत. चालक मागील टोकाशी उभा राहून ‘न्गाशी’ नावाची लांब काठी तळाला टेकतो आणि होडी पुढे रेटतो. ही काठी बहुधा मोगोनोनो या झाडाची असून तिचे टोक दुबेळके असते, त्यामुळे ती चिखलात रुतत नाही.

उगम : मोकोरो या प्रदेशात कोणी आणली, याविषयी एकमत नाही. सर्वसाधारणपणे तिचे श्रेय वायेयी लोकांना दिले जाते. मौखिक परंपरेनुसार ते झँबीझी-चोबे नद्यांच्या परिसरातून, वरच्या झँबीझी खोऱ्यातील लोझी राज्याच्या विस्तारामुळे, दक्षिणेकडे सरकले. हे स्थलांतर अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास झाले असे सामान्यतः मानतात. मात्र ते एकाच वेळी न होता लहान गटांनी, काही पिढ्या चालू राहिले असावे. त्यामागून आलेले हांबुकुशू लोक मुख्यतः नदीच्या वरच्या, खोल पात्रालगत स्थिरावले आणि तेथे वल्ह्यांचा वापर अधिक होता, असे सांगितले जाते. या दोहोंपूर्वी येथे राहणाऱ्या खोए (दक्षिण आफ्रिका खंडातील मूळ रहिवाशांचा एक भाषागट) भाषा बोलणाऱ्या नदीकाठच्या लोकांकडे कोरीव होड्या होत्या की केवळ लव्हाळ्यांचे तराफे, हा वादाचा खरा मुद्दा आहे. वायव्य बोट्स्वानातील त्सोदिलो टेकड्यांतील उत्खननांत माशांची हाडे मिळाली असल्याने मासेमारी फार जुनी ठरते. परंतु त्यावरून होडी सिद्ध होत नाही, कारण उथळ पाण्यात भाल्याने वा सापळ्यानेही मासे धरता येतात. नायजेरियात १९८७ मध्ये सापडलेली डुफुना होडी सुमारे ८,००० वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा आफ्रिकेत ओंडका कोरण्याची कला प्राचीन आहे यात शंका नाही. ओकावांगोत मात्र लाकूड टिकत नाही आणि प्रत्यक्ष पुरावा दुर्मिळ आहे. उपलब्ध साधनांवरून, होडी पूर्वी असली तरी उभ्याने काठी रेटण्याचे आजचे तंत्र वायेयींनी रुजविले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. स्कॉटिश धर्मोपदेशक व प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८४९ मध्ये या प्रदेशाच्या दक्षिणेकडील न्गामी सरोवराकडे जाताना याच लोकांच्या होड्यांतून फिरला. खोडाला बाक असेल तर होडीलाही तो असतो, असे त्याने नोंदविले आहे. पुढे बाटावाना या त्स्वाना जमातीच्या सत्तेखाली वायेयींना दीर्घकाळ वेठीचे जिणे जगावे लागले. त्यांच्या या कौशल्याची नोंद घेताना ही बाब वगळणे न्याय्य होणार नाही.

जलसफर : अंगोलाच्या डोंगराळ भागात पडलेला पाऊस सपाट, पपायरसने (उंच पाणलव्हाळ्याने) भरलेल्या प्रदेशातून अतिशय संथपणे खाली येतो. त्यामुळे त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण टोकाकडील माउन शहराजवळ पूर साधारणपणे जून ते ऑगस्ट या काळात, म्हणजे ऐन कोरड्या हंगामात पोहोचतो. सफरींचा मुख्य काळही हाच. एका होडीत बहुधा दोन पर्यटक बसतात. ते पाण्याच्या पातळीलगत असल्याने कुमुदिनी, लव्हाळ्यांतील बेडूक आणि पाणपक्षी जवळून दिसतात. मुक्काम बेटावर तंबूत असतो. इंजिनाचा आवाज नसतो. प्राणी पाहण्यासाठी पायी फिरतात. खरा धोका पाणघोड्याचा. म्हणून अनुभवी चालक खोल प्रवाह टाळून उथळ वाटा धरतात. बोरो, सेरोंगा इ. ठिकाणी स्थानिक चालकांच्या सामूहिक न्यासांमार्फत सफरी चालविल्या जातात.

या प्रदेशास २०१४ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. यादीतील ते हजारावे स्थळ होय. मोठी झाडे तोडावी लागू नयेत म्हणून सफरींत आता बहुतांशी त्याच आकाराच्या फायबरग्लासच्या होड्या वापरतात. झँबीझीवरील माना पूल्स (झिंबाब्वे) परिसरातील आणि दक्षिणेकडील ऑरेंज नदीवरील सफरी वल्ह्यांच्या कनूतून होतात. त्यांचा मोकोरोच्या परंपरेशी थेट संबंध नाही.