ताजबागेच्या आधीचा इस्लाम: एक पार्श्वभूमी

नागपुरात लहानाचे मोठे झालेल्या बहुतेक मुस्लिमेतर माणसांची इस्लामशी ओळख होते ती उमरेड रस्त्यावरच्या ताजबागेत, मोहरमच्या ताबुतांत किंवा रमजानच्या रात्री मोमिनपुऱ्यात लागणाऱ्या खाद्यपदार्थांच्या दुकानांवर. यातली एकही ओळख खोटी नाही. परंतु ताजबागेतला सुफी संत ताजुद्दीन बाबांचा दर्गा विसाव्या शतकातला आहे, ताबुतामागची घटना ६८० सालची आहे आणि रमजानचे रोजे त्याहून अर्धशतक जुने आहेत. इतिहासाचा क्रम लावू लागले की असे लक्षात येते की जे ठळकपणे नजरेस पडते ते बहुधा उशिरा आलेले असते, आणि ज्याच्या आधारावर ते उभे आहे ते मशिदीत, घरात आणि जमाखर्चाच्या वहीत असल्यामुळे रस्त्यावरून दिसत नाही. म्हणून पुढील मांडणी ताजबागेपासून नव्हे, तर मक्केपासून सुरू केली आहे.

सहाव्या शतकातील मक्का हे पश्चिम अरबस्तानातील व्यापारी गाव होते. शेतीला पाणी नव्हते. उत्पन्न होते ते उंटांच्या तांड्यांवरच्या व्यापाराचे आणि काबा या प्राचीन देवस्थानाच्या यात्रेचे. काब्यात आणि त्याच्या परिसरात निरनिराळ्या टोळ्यांच्या मूर्ती होत्या आणि त्या स्थानाची देखरेख कुरैश टोळीकडे होती. याच कुरैशांच्या हाशिम कुळात सुमारे ५७० मध्ये प्रेषित मुहम्मद यांचा जन्म झाला. वडील अब्दुल्ला जन्माआधीच वारले होते, आई आमिना ते सहा वर्षांचे असताना गेल्या. त्यांना आधी आजोबांनी आणि नंतर चुलते अबू तालिब यांनी वाढवले. अनाथाचा माल खाऊ नका, अनाथाला झिडकारू नका, असे कुराण वारंवार का बजावते हे समजायला हा तपशील उपयोगी पडतो. पुढे ते व्यापारात पडले, खदीजा या व्यापार करणाऱ्या विधवेशी त्यांचा विवाह झाला, आणि ६१० च्या सुमारास मक्केजवळच्या हिरा गुहेत एकांतात असताना जिब्रील या देवदूताकरवी त्यांना पहिला ईश्वरी संदेश मिळाला, अशी मुस्लिमांची श्रद्धा आहे.

संदेशाचा गाभा थोडक्यात सांगता येतो: ईश्वर एकच आहे, त्याला भागीदार नाही, त्याची प्रतिमा नाही, आणि प्रत्येक माणसाला आपल्या कृत्यांचा जाब कयामतच्या दिवशी त्याच्यापुढे द्यायचा आहे. मुहम्मद हे त्याचे शेवटचे प्रेषित. त्यांच्याआधी आदम, नूह, इब्राहिम, मूसा आणि ईसा हेही प्रेषितच होऊन गेले. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांशी असलेले नाते इस्लाम नाकारत नाही, त्याच साखळीतला शेवटचा दुवा म्हणून तो स्वतःकडे पाहतो. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मुस्लिम मुहम्मदांची उपासना करत नाहीत. प्रेषितांबद्दलचा आदर कितीही उत्कट असला तरी ते मनुष्यच होते, हा श्रद्धेचा अविभाज्य भाग आहे.

मक्केच्या धनिकांना ही शिकवण मानवली नाही. मूर्ती गेल्या तर यात्रा जाईल आणि यात्रा गेली तर व्यापाराचे काय, हा त्यांचा प्रश्न होता; शिवाय गुलाम आणि सरदार एका रांगेत उभे करणारी शिकवण कुळांच्या प्रतिष्ठेवर घाव घालत होती. छळ वाढत गेला आणि ६२२ मध्ये प्रेषित आपल्या अनुयायांसह उत्तरेकडील यसरिब या गावी गेले. तेच पुढे मदिना झाले. या स्थलांतराला हिजरत म्हणतात आणि मुस्लिमांची कालगणना येथूनच सुरू होते. प्रेषितांच्या जन्मापासून नाही, पहिल्या संदेशापासूनही नाही, तर एक जनसमुदाय म्हणून उभे राहिल्याच्या वर्षापासून. दुसरे खलिफा, म्हणजे प्रेषितांनंतर मुस्लिम समाजाचे नेतृत्व करणारे, उमर यांच्या कारकिर्दीत हा निर्णय झाला. तो मला इस्लामच्या स्वभावाविषयी पुष्कळ सांगून जाणारा वाटतो.

मक्केत श्रद्धा सांगितली गेली, तर मदिनेत तिला दिनक्रम मिळाला. मशीद बांधली गेली, आणि बिलाल या मूळच्या हबशी, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या अनुयायाने पहिली अजान दिली. नमाजाची दिशा आधी जेरुसलेमकडे होती, ती हिजरतीच्या दुसऱ्या वर्षी मक्केतील काब्याकडे वळवण्यात आली. योगायोग असा की मक्का आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही २१ अंश उत्तरेच्या थोडे वर. त्यामुळे नागपुरात नमाज पश्चिमेकडे तोंड करून होते, आणि पृथ्वीच्या गोलाईचा काटेकोर हिशेब केला तर ती दिशा पश्चिमेपासून सात-आठ अंश उत्तरेकडे कलते. काबा ही केवळ दिशा आहे, पूज्य मूर्ती नव्हे, हे वेगळे सांगायला हवे.

नमाज दिवसातून पाच वेळा होते: पहाटे फजर, दुपारी जुहर, मग असर, सूर्यास्तानंतर मगरिब आणि रात्री इशा. तिच्याआधी वजू असते, म्हणजे हात, तोंड, चेहरा, कोपरापर्यंत बाहू आणि घोट्यापर्यंत पाय ठरलेल्या क्रमाने धुणे आणि ओला हात डोक्यावरून फिरवणे. मशिदीच्या अंगणात हौद किंवा नळांची रांग असते ती यासाठी. उभे राहून कुराणपठण, कमरेत वाकणे, मग कपाळ जमिनीला टेकवून दोनदा सजदा, या एका आवर्तनाला रकात म्हणतात आणि पाच वेळांच्या अनिवार्य रकाती अनुक्रमे दोन, चार, चार, तीन आणि चार असतात. शुक्रवारी दुपारच्या नमाजाची जागा जुम्याची नमाज घेते. तीत इमाम आधी खुतबा, म्हणजे प्रवचन, देतात आणि मग दोनच रकाती होतात. इमाम हा पुरोहित नव्हे. ज्याला कुराण नीट येते असा कोणीही जाणता पुरुष पुढे उभा राहून नमाज पढवू शकतो, कारण भक्त आणि ईश्वर यांच्यामध्ये मध्यस्थाची गरज इस्लामने मानलेली नाही.

जकात ही गोष्ट बाहेरून सर्वांत कमी दिसते. तिला दानधर्म म्हणणे पुरेसे नाही, कारण ती ऐच्छिक नाही. ऐच्छिक दानाला सदका म्हणतात. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची रोकड वा विक्रीचा माल, ज्याच्याकडे एक चांद्रवर्ष गरजेपेक्षा अधिक राहिला त्याने त्याचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, द्यायचा असतो. येथील तोळा जुना, सुमारे ११.६६ ग्रॅमचा आहे, आजच्या सराफ्यातला १० ग्रॅमचा नव्हे. त्यामुळे सोन्याची मर्यादा सुमारे साडेसत्त्याऐंशी ग्रॅम येते. एखाद्या दुकानदाराकडे वर्षअखेरीस देणी वजा जाता चार लाख रुपयांचा माल आणि रोकड असेल, तर त्याची जकात दहा हजार रुपये होते. ती कोणाला द्यायची हेही कुराणाने आठ वर्गांत सांगितले आहे. त्यांत गरीब आहेत, कर्जात बुडालेले आहेत आणि वाटेत अडकलेले प्रवासीही आहेत. पुष्कळजण हा हिशेब रमजानमध्ये करतात, आणि मोमिनपुऱ्यातील कापडाच्या दुकानात त्या महिन्यात वही काढून बसलेला मालक नेहमीच नफातोटाच मोजत असतो असे समजू नये.

रमजान का सरकतो, हा प्रश्न दर वर्षी विचारला जातो. त्याचे उत्तर मराठी माणसाला पंचांगावरून लगेच कळते. आपले महिनेही चंद्राचे आहेत, परंतु साधारण तीन वर्षांनी अधिक मास घालून आपण ते ऋतूंशी जुळवून घेतो. अरबांमध्येही जादा महिना घालण्याची प्रथा होती. कुराणाने ती बंद केली. त्यामुळे हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचेच राहते आणि सौरवर्षाच्या मानाने दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०१८ मध्ये रमजान मेच्या मध्यावर सुरू झाला होता, तेव्हा नागपूरच्या उन्हात साडेचौदा तासांच्या आसपास पाण्याचा थेंबही न घेता रोजा करावा लागला. तोच महिना डिसेंबरात आला की रोजा बारा तासांच्या थोडा वर असतो. २०३० मध्ये तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. सुमारे ३३ वर्षांत हे चक्र पुरे होते आणि माणसाच्या आयुष्यात प्रत्येक ऋतूतला रोजा येतो. आजारी, प्रवासी, गरोदर स्त्रिया यांना सवलत आहे. राहिलेले रोजे पुढे भरून काढायचे असतात.

याच महिन्यात रात्री तरावीहची नमाज होते आणि अनेक मशिदींत महिन्याभरात हाफिज, म्हणजे ज्याला संपूर्ण कुराण मुखोद्गत आहे असा माणूस, सारे कुराण म्हणून पुरे करतो. कुराण २३ वर्षांच्या काळात थोडेथोडे अवतरले, असे मानले जाते. पहिले खलिफा अबू बकर यांच्या काळात ते एकत्र केले गेले आणि तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात त्याची प्रमाण प्रत तयार होऊन निरनिराळ्या प्रांतांत धाडली गेली. त्यात ११४ सूरा, म्हणजे अध्याय, आहेत, पण त्या कालक्रमाने लावलेल्या नाहीत. पहिल्या संदेशातील आयती, म्हणजे वचने, ९६ व्या सूरेत सापडतात. प्रेषितांची वचने आणि वर्तन यांच्या नोंदी, म्हणजे हदीस, हा वेगळा संग्रह आहे. तो नंतर चिकित्सा करून संकलित झाला. कुराण ईश्वराची वाणी, हदीस प्रेषितांची, हा भेद पक्का आहे.

६३० मध्ये मक्का मुस्लिमांच्या हाती आली आणि काबा मूर्तींपासून मोकळा झाला. ६३२ मध्ये प्रेषितांनी आपला शेवटचा हज केला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. ज्याला शारीरिक व आर्थिक ऐपत आहे त्याने आयुष्यात एकदा हज करावा असा दंडक आहे. नागपुरातूनही यात्रेकरूंची विमाने सुटत आली आहेत. जिलहज महिन्याच्या दहाव्या तारखेला, हजच्या दिवसांतच, जगभर बकरी ईद होते, ती इब्राहिमांच्या त्यागाची आठवण म्हणून.

प्रेषितांनंतर नेतृत्व कोणाचे, या प्रश्नावर फूट पडली. जाणत्या अनुयायांनी निवडलेले खलिफा ज्यांनी मान्य केले ते सुन्नी. नेतृत्व प्रेषितांचे जावई अली आणि त्यांच्या वंशाकडेच हवे होते असे मानणारे शिया. अलींचे पुत्र हुसेन यांनी उमय्या घराण्यातील यजीदची सत्ता मान्य करण्यास नकार दिला आणि १० मोहरम, हिजरी ६१ (इ.स. ६८०) रोजी इराकातील करबला येथे ते मूठभर सोबत्यांसह मारले गेले. फुरात नदीचे पाणी त्यांना तोडण्यात आले होते. मोहरममध्ये जागोजागी शरबत आणि पाण्याच्या पाणपोया लागतात, त्यामागे ही आठवण आहे. हुसेनांविषयी आदर सुन्नींनाही आहे, परंतु ताबूत काढणे ही भारतीय उपखंडात वाढलेली रीत आहे आणि तिला अनेक सुन्नी विद्वानांचा विरोध आहे. नागपुरात शियांपैकी इतवारीतले दाऊदी बोहरा व्यापारी ठळक आहेत, आणि बोहरांमधूनच निघालेल्या एका शाखेचे महदीबाग हे केंद्रही याच शहरात आहे.

या शहराच्या जन्मातही इस्लामचा धागा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारला, असे इतिहासकार नोंदवतात. १७०२ मध्ये त्याने राजापूर बारसा नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा पाड्यांतून नागपूर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने येथे राजधानी आणली, तट बांधला आणि जुम्मा तलाव करवला. धर्मांतरानंतरही गोंडांच्या चालीरीती राजघराण्यात टिकून होत्या, ही बाब विसरू नये. विणकर मोमीन उत्तरेकडून येथे आणि कामठीत स्थिरावले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८५७ नंतरच्या धामधुमीत. येथील बहुसंख्य सुन्नी हनफी विधिशाखेचे आहेत, तर कोकणातले मुसलमान शाफई; समुद्रमार्गे अरब व्यापाऱ्यांकडून आलेला इस्लाम आणि जमिनीवरून उत्तरेकडून आलेला इस्लाम यांतला हा फरक आजही टिकून आहे.

सुफी परंपरा ही याच उत्तरेकडच्या वाटेने दख्खनेत आली. अजमेरचे ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती १२३६ मध्ये वारले. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब चौदाव्या शतकात देवगिरीकडे आले आणि खुलताबादेत त्यांची कबर आहे. कामठीत १८६१ मध्ये जन्मलेले ताजुद्दीन बाबा या दीर्घ परंपरेतले अलीकडचे नाव. ते काही काळ सैन्यात होते. पुढे त्यांची विरक्त अवस्था वेड ठरवून त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले, आणि १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना तेथून सोडवून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा उरूस मोहरमच्या महिन्यात हिजरी तारखेप्रमाणे येतो, म्हणून तोही दर वर्षी सरकतो. जन्मदिन मात्र २७ जानेवारीला ठरलेला आहे.

दर्ग्यावर चादर चढवणे, नवस बोलणे, कव्वाली करणे यांवरून मुस्लिमांमध्येच मोठा वाद आहे. १८६६ मध्ये देवबंद येथे स्थापन झालेल्या दारुल उलूम या धर्मविद्यालयाच्या परंपरेतील विद्वान वलींना, म्हणजे संतांना, मानतात, परंतु कबरीजवळ मागणे मागण्यास आणि उरुसाच्या अनेक प्रथांना त्यांचा आक्षेप आहे. बरेलीचे अहमद रझा खान यांना मानणारे औलियांच्या, म्हणजे संतांच्या, वसिल्याने (माध्यमातून) ईश्वराकडे मागणे योग्य समजतात, मात्र कबरीला सजदा करणे त्यांच्याही मते हराम आहे. नागपुरात दोन्ही मतांच्या मशिदी आहेत आणि ताजबागेत चादर घेऊन जाणाऱ्यांमध्ये हिंदू भाविकांची संख्या मोठी असल्यामुळे या वादाची एक बाजू मुस्लिमेतरांच्या कानावर सहसा येतच नाही.