मिनेझिस ब्रागांझा यांचे घर, चांदोर

दक्षिण गोव्यातील सासष्टी तालुक्यात, चांदोर येथील चर्चच्या चौकाला लागून असलेले पोर्तुगीजकालीन दुमजली घर. मूळ बांधकाम सतराव्या शतकातले. आजचे लांबलचक रूप पुढच्या दोन शतकांत आले. दर्शनी भागात 24 खिडक्या आहेत. वारसाहक्काने घराचे दोन भाग झाले : पूर्वेकडचा परेरा ब्रागांझा आणि पश्चिमेकडचा मिनेझिस ब्रागांझा कुटुंबाचा. पूर्व भागातील खाजगी प्रार्थनागृहात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे नख जतन केलेले आहे. पश्चिम भागात पत्रकार व स्वातंत्र्यवादी लुईस द मिनेझिस ब्रागांझा (1878–1938) यांचा ग्रंथसंग्रह आहे. पणजीच्या ‘इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा’ला त्यांचेच नाव दिलेले आहे.

गोव्यातील अशी घरे वयापेक्षा चुकीच्या डागडुजीने अधिक खचतात. भिंती जांभ्याच्या. हा दगड सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल वर खेचतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट चढवले की वाट बंद होते. ओल आतच राहते, क्षारांचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा भुगा होऊ लागतो. बाहेरून सारे ठाकठीक दिसते, पण बोटाच्या पेराने ठोकले तर गिलावा पोकळ वाजतो. असे सिमेंट छिन्नी आडवी धरून काढावे, नाहीतर जांभ्याच्या कडा उडतात. सांधे सुमारे 2 सेंमी. कोरून, दगड भिजवून, मुरवलेला चुना 1 भाग व वाळू 3 भाग असा गिलावा द्यावा. एका थराची जाडी 10 मिमी.पेक्षा जास्त नको. ओले गोणपाट आठवडाभर लावून ठेवावे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून हे काम दिवाळीनंतर लगेच हाती घेणे शहाणपणाचे.

छपराचे काम मात्र दरवर्षीचे. मृगाच्या आधी कौले परतावी लागतात. सरकलेल्या एका कौलातून गळणारे पाणी आधी रिपा, मग वासे कुजवते. वाशांची भिंतीत गेलेली टोके सर्वांत आधी जातात, कारण तिथे वारा लागत नाही. वाळवीही तिथूनच चढते. टोकात स्क्रूड्रायव्हर सहज घुसला तर तेवढाच भाग कापून नवे लाकूड सांधावे, अख्खा वासा बदलण्याची गरज नसते. नव्या टोकाभोवती बोटभर फट ठेवावी.

काच दुर्मीळ होती तेव्हा खिडक्यांत चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवत. उजेड मऊ येतो, ऊन येत नाही. 2001 मध्ये हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आला. त्यामुळे फुटलेल्या जागी बसवायला पाडलेल्या घरांतले जुने तुकडेच शोधावे लागतात.

मालकीचा गुंता याहून अवघड. गोव्यात 1870 पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेत अपत्यांना सक्तीचा वाटा मिळतो. तीन पिढ्यांत एका छपराचे अनेक हिस्सेदार होतात, त्यांतले काही परदेशात राहणारे. कौले परतायलाही सर्वांची संमती आणि वर्गणी गोळा करावी लागते, तोवर पाऊस येतो. चांदोरच्या या घरात आजही कुटुंबीय राहतात. पाहायला येणाऱ्यांनी दिलेली देणगी देखभालीला लागते.