आधी क्रम, मग आकडा: बोरिंगच्या ढिगातून पृथ्वीचा इतिहास

इंदूरमध्ये उन्हाळा तापला की कुठल्या ना कुठल्या कॉलनीत बोरिंगची गाडी उभी असतेच. गेल्या एप्रिलमध्ये ती आमच्या गल्लीत आली, तेव्हा रविवारच्या मराठी वर्गातली सहावी ते आठवीची मुलं घेऊन मी तिथे गेले. काम एकच दिलं होतं. गाडीवरच्या लोकांनी रॉड बदलला की बाहेर आलेल्या भुकटीची एक मूठ कागदाच्या पुडीत घ्यायची आणि पुडीवर क्रमांक टाकायचा.

पहिल्या पुडीत माळव्याची काळी माती आली. मग पिवळट मुरूम. मग राखाडी-काळी भुकटी, पुडीमागून पुडी तीच. मुलं कंटाळायला लागली होती तेवढ्यात गाडीवरचा माणूस ओरडला, "लाल मिट्टी लग गई!" आणि भोकातून विटकरी रंगाचा चिखल उसळला. थोड्या वेळाने पुन्हा काळी भुकटी सुरू झाली.

काम थांबल्यावर मी मुलांना भोकाभोवती साचलेला ढीग दाखवला आणि विचारलं, यात सगळ्यात जुनं काय? एकाने झटकन ढिगाच्या तळाकडे बोट दाखवलं. खालचं ते जुनं, हे त्याला पाठ होतं. सातवीतली एक मुलगी मात्र हातातल्या पुड्या चाळत राहिली आणि म्हणाली, "ताई, ढीग तर उलटा झालाय. जमिनीत जे सगळ्यात खाली होतं ते शेवटी निघालं आणि ढिगावर वर पडलं." त्यावर दहा मिनिटं वाद झाला. माझ्या मते भूशास्त्राचा पहिला धडा त्या दहा मिनिटांतच झाला.

शाळेच्या पुस्तकात हा विषय बहुधा पृथ्वीच्या कालखंडांच्या तक्त्याने सुरू होतो: पुराजीव, मध्यजीव, नवजीव, आणि प्रत्येकापुढे कोटींमधला एक आकडा. मुलं तो पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. ज्याला सोन्याचा भाव आणि सहा कोटी वर्षं सारखीच दूरची वाटतात, त्याला आकडा काय सांगणार? पण 'आधी काय, मग काय' हे कोणालाही कळतं. पोह्यांच्या प्लेटकडे बघून आधी पोहे पडले, मग शेव, मग जीरावन मसाला, हे सांगायला घड्याळ लागत नाही.

मानवजात हे शिकली तीही याच क्रमाने. १६६६ साली निकोलस स्टेनो या डॅनिश वैद्याने फ्लॉरेन्समध्ये एका शार्कच्या डोक्याचं विच्छेदन केलं. डोंगरात सापडणारे आणि 'जिभेचे दगड' म्हणून विकले जाणारे त्रिकोणी खडे म्हणजे शार्कचेच दात आहेत, हे त्याच्या ध्यानात आलं. मग समुद्रातल्या माशाचे दात डोंगरात कसे? त्या प्रश्नाचा माग काढत १६६९मध्ये त्याने मांडलं की थर साचताना खालचा आधी साचतो आणि वरचा नंतर. इंग्लंडमध्ये कालव्यांच्या खोदाईवर देखरेख करणाऱ्या विल्यम स्मिथने प्रत्येक थरातले जीवाश्म वेगळे असतात हे ओळखलं आणि १८१५मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा छापला. दोघांपैकी कोणालाही एकाही थराचं वय वर्षांत ठाऊक नव्हतं. तरी इतिहासाचा क्रम बराचसा लागला होता.

आता त्या लाल मातीकडे येते, कारण मला स्वतःला ती सगळ्यात प्रिय आहे. इंदूरच्या खालचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, थिजलेला लाव्हा. जमिनीला लांबलचक भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर रचून दख्खनचं पठार बनलं. आजही हा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि माळवा त्याचं उत्तरेकडचं अंग आहे. पण दोन लाव्ह्यांच्या मध्ये कधीकधी मोठी उसंत मिळाली. थिजलेल्या खडकावर ऊन-पाऊस पडला, खडक झिजला, माती झाली, वाऱ्याने आणलेली ज्वालामुखीची राख तिच्यात मिसळली. मग वरून पुढचा लाव्हा आला आणि ती माती विटेसारखी भाजून निघाली. तीच ही लाल माती.

मुलांना विचारलं, पंधरा पुड्या काळ्या आणि एक लाल, तर जास्त काळ कशात गेला? सगळे म्हणाले, काळ्यात. आणि इथेच थांबून विचार करायला लावणं फार गरजेचं असतं. लाव्ह्याचा जाड थर भराभर साचू शकतो. खडकाची माती व्हायला मात्र फार मोठा काळ लागतो. जाडी म्हणजे काळ नव्हे. बराचसा काळ त्या एका पुडीत होता.

याहून मोठा धक्का धार जिल्ह्यात बाघला बसतो. भिंतीचित्रांच्या लेण्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. त्या परिसरात तळाशी शंभर कोटी वर्षांहून जुने खडक आहेत. त्यांच्यावर थेट वालुकाश्म आणि चुनखडी आहे, आणि तीत शिंपले, समुद्री अर्चिन, शार्कचे दात सापडतात. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आजच्या नर्मदेच्या खोऱ्यातून आत शिरला होता. नर्मदाकाठच्या निमाडात समुद्र! मुलं हे ऐकून हरखतातच. पण मी त्यांना आधी बोट ठेवायला लावते ते त्या दोन खडकांच्या सांध्यावर. एका बोटाखाली शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा काळ गायब आहे. तेव्हा काही घडलंच नाही असं नाही. जे साचलं ते झिजून गेलं, किंवा साचलंच नाही. वहीची पानं फाटलेली असली तरी शिवण दिसते, तसा हा सांधा.

समुद्र हटल्यावर त्याच भागात डायनासोर अंडी घालायला येत. बाघ-कुक्षी परिसरात टायटॅनोसॉर या लांब मानेच्या डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचा शोधनिबंध २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. त्या थरांच्या वर आपला बेसॉल्ट. समुद्र, मग अंडी, मग लाव्हा, हा क्रम मुलं स्वतः लावतात. (जीवाश्म बघायचा, फोटो काढायचा, खिशात घालायचा नाही, हे निघण्यापूर्वीच बजावावं लागतं. जागेवरून हलला की त्याचा क्रम हरवला.)

यानंतर मुलंच विचारतात, "पण ताई, किती वर्षं?" आता आकड्याला भूक लागलेली असते.

१८९६मध्ये हेन्री बेक्वेरेलला किरणोत्सर्ग सापडला आणि खडकांना घड्याळ मिळालं. युरेनियम ठरलेल्या गतीने शिसं होत जातं. युरेनियम-२३८ निम्मं उरायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. झिरकॉन नावाचा चिवट स्फटिक तयार होताना युरेनियम आत घेतो आणि शिसं जवळजवळ घेत नाही. म्हणून पुढे त्यात सापडलेलं शिसं म्हणजे उलटलेला काळ. दख्खनच्या लाव्ह्याचं वय बारकाईने काढलं गेलं तेही त्या लाल थरांतल्या राखेत अडकलेल्या झिरकॉनवरून. ते आलं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं, आणि बहुतेक लाव्हा जेमतेम दहा लाख वर्षांत वाहिला. बेसॉल्टमध्ये झिरकॉन सहसा मिळत नाही, म्हणून ही भाजलेली माती इतकी मोलाची. पृथ्वीचं वय क्लेअर पॅटरसनने १९५६मध्ये उल्कांमधल्या शिशावरून काढलं. आज ते ४५४ कोटी वर्षं मानतात.

मग आम्ही मैदानात सुतळी ताणली आणि मोठ्या घटनांच्या जागी चिंध्या बांधल्या. दहा लाख वर्षांना एक सेंटीमीटर, म्हणजे पृथ्वीला ४५ मीटर ४० सेंटीमीटर. 'आज'च्या टोकापासून ३५ मीटरवर जीवसृष्टीच्या सुरुवातीच्या खुणा, आणि तिथून पुढे बराच वेळ बांधायला चिंधीच नाही, कारण त्या काळात फक्त सूक्ष्मजीव. ५ मीटर ४० सेंटीमीटरवर कवचवाल्या प्राण्यांची गर्दी. २ मीटर ३० वर पहिले डायनासोर, ९० सेंटीमीटरवर बाघचा समुद्र. आपली माणसाची जात शेवटच्या ३ मिलिमीटरमध्ये. होळकरांबरोबर माळव्यात आलेल्या आपल्या मराठी घरांची तीनशे वर्षं तर केसाच्या जाडीच्या विसाव्या भागात मावतात.

शेवटी पुड्या चाळणाऱ्या त्या मुलीने लाल मातीची पुडी आणली आणि टोकापासून ६६ सेंटीमीटरवर बांधली. दोन पावलं मागे गेली, बघत राहिली. "ही फार जाड आहे ताई," ती म्हणाली, "हिच्याखाली तीस लाख वर्षं दबली." पुडी सोडून तिने तीच माती तळहातावर पाण्यात कालवली आणि पट्टी लावून सुतळीवर बरोबर एक सेंटीमीटरचा लाल पट्टा ओढला.