ठिणगी पडल्यावर पुढे काय होतं

दिवाळीत गल्लीत लवंगी फुटली की आधी उजेड, मग आवाज, आणि धूर तर चाळीच्या जिन्यात नंतर बराच वेळ रेंगाळत राहतो. लेसरच्या छोट्या पल्सने (प्रकाशाच्या क्षणिक झोताने) जो प्लाझ्मा, म्हणजे अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू, तयार होतो त्याचंही असंच आहे, फक्त सगळं इतक्या झटपट होतं की तुम्ही त्याच्याकडे किती वेळाने बघितलंत यावर काय दिसणार ते ठरतं. मला विचाराल तर या विषयाचा इतिहास म्हणजे हा उशीर मोजायला शिकण्याचाच इतिहास.

मे १९६० मध्ये थिओडोर मैमनने कॅलिफोर्नियात रूबीचा पहिला लेसर चालवला. मग १९६१-६२ मध्ये हेलवर्थ आणि मॅक्लंगने क्यू-स्विचिंग आणलं, म्हणजे ऊर्जा धरणासारखी अडवून ठेवायची आणि दरवाजा एकदम उघडायचा, त्यामुळे पल्स नॅनोसेकंदांवर (सेकंदाच्या अब्जाव्या भागांवर) आली. १९६३ पर्यंत गाड्या बनवणाऱ्या फोर्डच्या लॅबमध्ये नुसत्या हवेत, लेन्सच्या फोकसपाशी, ना वायर ना इलेक्ट्रोड, तरी ठिणगी पडलेली दिसली!

ती ठिणगी आतून अशी असते: प्रकाशाची ऊर्जा आधी इलेक्ट्रॉन घेतात, ते तापतात, आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) मात्र थंडच, कारण प्रोटॉनसुद्धा इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, चणा नारळावर कितीही आपटला तरी नारळ हलायला वेळ लागणारच ना. हे देणंघेणं पिकोसेकंदांचं, पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग. नॅनोसेकंदांत प्लाझ्मा फुगतो, हवेत शॉक वेव्ह निघते, आणि ती पसरते त्याच नियमाने जो जेफ्री टेलरने अणुस्फोटासाठी मांडला होता, त्रिज्या वेळेच्या २/५ घाताने वाढते. मायक्रोसेकंदांत (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत) सगळं निवतं, इलेक्ट्रॉन परत आयनांना चिकटतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगात चमकतं.

पण हे बघायचं कसं, पिकोसेकंद पकडायला साधा कॅमेरा पुरत नाही. युक्ती खरंतर जुनीच. १८६० च्या दशकात ऑगस्ट टॉप्लरने एका ठिणगीची लाट दुसऱ्या, जरा उशिरा पाडलेल्या ठिणगीच्या उजेडात बघितली होती. लेसरवाल्यांनी तेच केलं, एकाच पल्सचे दोन भाग, एक मारायला आणि दुसरा लांबच्या रस्त्याने बघायला. आरसा ०.१५ मिलिमीटर मागे घेतला की जाऊन-येऊन ०.३ मिलिमीटर अंतर वाढतं, ते कापायला प्रकाशाला एक पिकोसेकंद लागतो, म्हणजे झाला तेवढा उशीर. इतकी साधी आणि इतकी सुंदर गोष्ट मी दुसरी बघितलेली नाही.

१९८५ मध्ये डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरूने पल्स आधी ताणायची, मग वाढवायची, मग दाबायची अशी पद्धत काढली (२०१८ चं नोबेल), त्यामुळे प्रचंड तीव्रतेच्या फेम्टोसेकंद (पिकोसेकंदाचा हजारावा भाग) पल्स एका खोलीतल्या टेबलावर आल्या. आपल्या मुंबईत कुलाब्याला, नेव्ही नगरच्या टोकाला, टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) जी. रवींद्र कुमार यांच्या ग्रुपने याच जोरावर २००२ मध्ये मोजलं की १०० फेम्टोसेकंदांची पल्स घन पदार्थावर पडली की २.७ कोटी गॉसचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, पृथ्वीच्या साधारण पाच कोटी पट, आणि ते सुमारे ६ पिकोसेकंद टिकतं. म्हणजे लेसर संपून गेल्यावर त्याच्या साठपट वेळ प्लाझ्मामध्ये त्याची धामधूम चालूच! समुद्राच्या कडेला, शहराच्या अगदी टोकाच्या एका खोलीत हे मोजलं गेलं याचा मला फार अभिमान वाटतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये प्रज्ञान रोव्हरने चंद्राच्या मातीवर लेसर मारून प्लाझ्माच्या उजेडात गंधक ओळखलं. तिकडे दाबून धरायला हवाच नाही, त्यामुळे प्लाझ्मा भसकन पसरतो आणि उजेड इथल्यापेक्षा लवकर विझतो, म्हणून किती वेळाने बघायचं हा पृथ्वीवरचा उशीराचा हिशोब तिथे जसाच्या तसा चालत नाही.