पक्षांतर (राज्य विधिमंडळ)

एका पक्षाच्या उमेदवारीवर निवडून आलेल्या विधानसभा वा विधान परिषद सदस्याने मुदत संपण्यापूर्वी तो पक्ष सोडून दुसऱ्या पक्षात जाणे, म्हणजे पक्षांतर. भारतात १९८५ पासून हा विषय राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीच्या, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याच्या, कक्षेत येतो. निवडणुकीच्या तोंडावर तिकीट नाकारले गेले म्हणून दुसऱ्या पक्षातून अर्ज भरणाऱ्या, पण त्या वेळी सभागृहाचा सदस्य नसलेल्या नेत्याला हा कायदा लागू होत नाही.

१९६७ च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांतील सरकारे आमदारांच्या ये-जा करण्यावर उभी राहिली आणि कोसळली. हरियाणातील हसनपूरचे आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि त्यांच्या नावावरून ‘आयाराम-गयाराम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत मोतीलाल सेटलवाड आणि सी. के. दफ्तरी यांच्यासारखे ज्येष्ठ विधिज्ञही होते. समितीने १९६९ मध्ये दिलेल्या अहवालात रोगाचे मूळ नेमके दाखवले : पाहणीतील २१० पक्षांतरित आमदारांपैकी ११६ जणांना, ज्या सरकारांच्या स्थापनेला त्यांनी हातभार लावला, त्याच सरकारांत मंत्रिपदे मिळाली होती. तरीही कायदा व्हायला आणखी सोळा वर्षे लागली. १९७३ आणि १९७८ मधील प्रयत्न फसले आणि राजीव गांधी यांच्या सरकारने आणलेली ५२ वी घटनादुरुस्ती १ मार्च १९८५ पासून अमलात आली.

दहाव्या अनुसूचीनुसार सदस्य दोन प्रकारे अपात्र ठरतो : स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडल्यास, किंवा पक्षादेश (व्हिप) झुगारून मतदान केल्यास वा मतदानाला गैरहजर राहिल्यास; मात्र दुसऱ्या प्रकारात पक्षाने पंधरा दिवसांच्या आत ती कृती माफ केली, तर अपात्रता येत नाही. ‘स्वेच्छेने सोडणे’ म्हणजे लेखी राजीनामाच हवा असे नाही. गोव्यातील रवी नाईक प्रकरणात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने सदस्याच्या वागणुकीवरूनही तसा निष्कर्ष काढता येतो, असे स्पष्ट केले. त्यामुळे विरोधी नेत्यासोबत राज्यपालांची भेट घेणे यासारखी कृतीही पुरावा ठरू शकते.

वकिलीतून राजकारणात आलेल्या आमदारांना या तरतुदींचे बारकावे इतरांपेक्षा लवकर कळतात, हे उघड आहे. आमदार असताना वकिली करण्यास मनाई नाही. बार कौन्सिलचा संबंधित नियम पूर्णवेळ पगारी नोकरांसाठी आहे आणि लोकप्रतिनिधी त्यात मोडत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिला. महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष झालेले राहुल नार्वेकर हे याच वाटेने आलेले ठळक उदाहरण आहे. ते पेशाने वकील. शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस असा प्रवास करून २०१९ मध्ये भारतीय जनता पक्षातर्फे कुलाब्यातून निवडून आले आणि जुलै २०२२ मध्ये अध्यक्ष झाले. पुढे शिवसेना आणि राष्ट्रवादी या दोन्ही पक्षांतील फुटीच्या अपात्रता याचिका त्यांच्याच समोर चालल्या. १० जानेवारी आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांनी निकाल दिले आणि दोन्ही प्रकरणांत कोणाही आमदाराला अपात्र ठरवले नाही.

अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांकडे असणे, हाच या कायद्याचा सर्वांत कच्चा दुवा आहे. किहोटो होलोहान खटल्यात (१९९२) तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायालयाने अनुसूची वैध ठरवली आणि अध्यक्षांचा निर्णय न्यायालयीन पुनर्विलोकनाच्या अधीन आणला. तथापि निर्णय कधी द्यायचा याची मुदत कायद्यात नाही आणि अध्यक्ष बहुधा सत्ताधारी पक्षाचाच असतो. शिवसेनेच्या फुटीत जून-जुलै २०२२ मध्ये दाखल झालेल्या याचिकांना निकाल मिळेपर्यंत दीड वर्ष गेले, तोपर्यंत सरकार चालत राहिले. याच वादात ११ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रतोद (पक्षादेश बजावणारा सदस्य) नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून मूळ राजकीय पक्षाचा आहे, असे ठरवले.

सुरुवातीला एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण होते. ९१ व्या घटनादुरुस्तीने (२००३) ते काढून टाकले, मंत्रिमंडळाचा आकार विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांवर आणला आणि अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत मंत्रिपद नाकारले. उरली ती विलीनीकरणाची वाट : दोन तृतीयांश आमदारांची संमती. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला, म्हणजे नेमके दोन तृतीयांश. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जण गेले. ७ पुरले नसते. मूळ पक्षाचे विलीनीकरण झाले नसतानाही आमदारांचे विलीनीकरण मानता येते, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मान्य केले. एकट्याने केलेले पक्षांतर दोषास्पद आणि घाऊक केलेले क्षम्य, अशी ही विसंगती आहे.

दुसरी वाट राजीनाम्याची. कर्नाटकात २०१९ मध्ये राजीनाम्यांच्या सत्रातून सत्तारूढ आघाडीला हादरा देणाऱ्या १७ आमदारांची अपात्रता सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर रोजी कायम ठेवली, पण विधानसभेच्या उर्वरित मुदतीपर्यंत निवडणूक लढवण्यास केलेली मनाई रद्द केली. त्यांच्यापैकी बरेच जण डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत भाजपच्या चिन्हावर पुन्हा सभागृहात आले. मतदारांपुढे पुन्हा जावे लागते, एवढ्यापुरती ही वाट विलीनीकरणापेक्षा प्रामाणिक म्हणता येईल.

मणिपूरच्या प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता याचिका साधारणपणे तीन महिन्यांत निकाली काढाव्यात असे सांगितले आणि हा अधिकार अध्यक्षांकडून काढून स्थायी न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा, असेही सुचवले. तेलंगणातील भारत राष्ट्र समितीच्या दहा आमदारांबाबत ३१ जुलै २०२५ रोजी न्यायालयाला पुन्हा तीच तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.