व्हेनेतोतील पीएफएएस जलप्रदूषण आणि हृदयविकार

इटलीच्या ईशान्येकडील व्हेनेतो प्रांतात एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून भूजलात पसरलेले आणि तेथून पिण्याच्या पाण्यात आलेले पीएफएएस या गटातील फ्लोरिनयुक्त रसायनांचे प्रदूषण. व्हिचेन्झा, व्हेरोना आणि पादुआ या तीन जिल्ह्यांतील तीन लाखांवर लोकांपर्यंत ते पोहोचले. औद्योगिक जलप्रदूषणाचा विषय निघाला की कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार, त्वचेचे आजार यांची चर्चा होते. हृदयाचे नाव क्वचित निघते. व्हेनेतोत मात्र दूषित पाणी आणि हृदयविकाराचे मृत्यू यांचा संबंध संपूर्ण लोकसंख्येच्या आकडेवारीतून मांडता आला. याच कारखान्याची यंत्रे पुढे रत्नागिरी जिल्ह्यात आली, त्यामुळे ही घटना महाराष्ट्रालाही लागू होते.

कारखाना आणि भूजल : व्हिचेन्झाजवळील त्रिसिनो या गावी मार्झोत्तो या कापड उद्योगसमूहाने १९६० च्या दशकात ‘रिमार’ नावाचा कारखाना काढला. कापडाला पाणी आणि तेलाचे डाग लागू नयेत यासाठी वापरायची फ्लोरिनयुक्त रसायने तेथे तयार होत. १९८८ मध्ये तो मित्सुबिशी आणि एनिकेम यांच्याकडे गेला व ‘मितेनी’ हे नाव रूढ झाले. २००९ मध्ये त्याची पुन्हा विक्री झाली आणि २०१८ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले.

कारखान्याची जागा घातक ठरली. तो पोस्कोला या ओढ्याच्या काठी, नेमका भूजलाचे पुनर्भरण होते त्या पट्ट्यात उभा होता. जमिनीत मुरलेले पाणी तेथून मैलोगणती दक्षिणेकडे सरकते. लोनिगो, सारेगो, ब्रेंदोला अशा गावांचा पाणीपुरवठा याच साठ्यावर चालत असे. पीएफएएस पाण्यात सहज विरघळतात. त्यांना रंग, वास, चव काही नसते. कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातील बंध इतका मजबूत असतो की निसर्गात ते जवळजवळ मोडतच नाहीत, म्हणून त्यांना ‘कायमची रसायने’ म्हणतात. पाणी उकळून ती जात नाहीत, क्लोरिननेही जात नाहीत.

२०१३ मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा अहवाल आला तेव्हा काही ठिकाणच्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १,००० नॅनोग्रॅमहून अधिक पीएफओए, म्हणजे या गटातील सर्वांत जास्त अभ्यासलेले रसायन, असल्याचे समजले. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओएसाठी घालून दिलेली मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम आहे. त्याच वर्षी, २०१३ मध्ये, पाणीपुरवठा केंद्रांवर कार्बनच्या गाळण्या बसल्या आणि नळाचे पाणी बऱ्याच अंशी सुधारले. पण तोवर काही कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या ते पाणी पीत आल्या होत्या.

रक्तातील साठा : प्रांत सरकारने सर्वाधिक बाधित तीस नगरपालिकांचा ‘लाल पट्टा’ ठरवला आणि तेथील रहिवाशांची मोफत रक्ततपासणी सुरू केली. २० ते ३९ वयोगटातील तरुणांच्या रक्तद्रवात पीएफओएचे मध्यक प्रमाण (निम्म्या लोकांत यापेक्षा जास्त, निम्म्यांत कमी) मिलिलिटरमागे ४४ नॅनोग्रॅमच्या आसपास निघाले. बाधित नसलेल्या लोकांत हे प्रमाण एक-दोन नॅनोग्रॅमच्या घरात असते. पुरुषांत ते स्त्रियांपेक्षा अधिक होते. मासिक पाळी, बाळंतपण आणि स्तनपान यांतून स्त्रीच्या शरीरातील काही साठा बाहेर पडतो. मात्र त्यातला काही भाग बाळाच्या वाट्याला येतो, आणि मुलांच्या रक्ताचे अहवाल हाती आल्यावर व्हेनेतोतल्या आया रस्त्यावर उतरल्या त्या यामुळेच. ‘माम्मे नो पीफास’ ही त्यांची चळवळ पुढे न्यायालयापर्यंत गेली.

पीएफओए चरबीत साठत नाही. रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला ते चिकटते आणि मूत्रपिंडे ते लघवीवाटे टाकण्याऐवजी बरेचसे पुन्हा शोषून घेतात. शरीरातील प्रमाण निम्म्यावर यायला तीन वर्षांच्या आसपास लागतात. पाणी शुद्ध झाले तरी रक्त शुद्ध व्हायला इतका काळ जातो. २०१७ मध्ये जास्त बाधितांसाठी रक्तद्रव बदलण्याचा उपचार सुरू करण्यात आला होता, पण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आक्षेपानंतर तो थांबला.

हृदयावरील परिणाम : हृदयाशी संबंध जोडणारा सर्वांत भक्कम दुवा कोलेस्टेरॉलचा आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील ड्युपाँट कारखान्याजवळच्या सुमारे ६९ हजार लोकांच्या पाहणीवरून, पीएफओए आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा ‘संभाव्य संबंध’ असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांच्या समितीने २०१२ मध्ये दिला. लाल पट्ट्यातील तरुणांतही रक्तातील पीएफएएस जितके जास्त तितके एकूण आणि ‘वाईट’ कोलेस्टेरॉल जास्त, असे आढळले. पीएफओए यकृतातील मेदाच्या व्यवहारात ढवळाढवळ करते, हे याचे एक कारण मानतात. दुसरा दुवा रक्तदाबाचा. २० ते ३९ वयाच्या सुमारे १६ हजार लोकांत पीएफएएसच्या प्रमाणाबरोबर वरचा व खालचा असे दोन्ही रक्तदाब थोडे चढलेले दिसले. पादुआच्या संशोधकांनी तिसरा दुवा दाखवला : पीएफओए प्लेटलेटच्या आवरणात जाऊन बसते आणि त्यांचा एकमेकींना चिकटण्याचा कल वाढवते. कोलेस्टेरॉलच्या थरांनी अरुंद झालेल्या रोहिणीत त्यातून रक्ताची गुठळी झाली की हृदयाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो.

यातली कोणतीही वाढ एका रुग्णात पाहिली तर किरकोळ वाटते. डॉक्टर गोळी लिहून देतात, मीठ-तूप कमी करायला सांगतात, आणि ते बरोबरच असते. रुग्ण दगावला तर दाखल्यावर हृदयविकाराचा झटका एवढेच येते; त्याने कोणत्या विहिरीचे पाणी प्यायले हे विचारणारा रकाना तेथे नसतो. जपानमध्ये मिनामाताच्या पाऱ्याने माणसांचे हातपाय वाकडे केले, तेथल्याच जिंझू नदीच्या खोऱ्यात कॅडमियमने हाडे मोडली. ते रोग पाहताक्षणी वेगळे वाटत. पाण्यातून आलेला हृदयविकार इतर कारणांनी होणाऱ्या हृदयविकारासारखाच दिसतो. तो ओळखायचा तर माणसे मोजावी लागतात.

ती मोजणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. आन्निबाले बिज्जेरी व सहकाऱ्यांनी लाल पट्ट्यातील १९८५ ते २०१८ या काळातील मृत्यूंची गणना केली. शेजारच्या बाधित नसलेल्या भागातील दराने ४७,७३१ मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात ५१,६२१ झाले. फरक ३,८९० चा, म्हणजे साधारण दर तीन दिवसांना एक जादा मृत्यू. हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार, त्यातही हृदयाला रक्त कमी पडण्याचा विकार, यांनी झालेले मृत्यू त्यात ठळकपणे वाढलेले होते. मूत्रपिंड आणि वृषणाच्या कर्करोगाचे मृत्यूही वाढलेले आढळले.

हा अभ्यास प्रदेशांच्या तुलनेचा आहे. प्रत्येक मृत व्यक्तीच्या रक्तातील रसायन किंवा तिचे धूम्रपान त्यात मोजलेले नाही. वेस्ट व्हर्जिनियाच्या समितीलाही कोलेस्टेरॉलचा संबंध पटला, पण हृदयधमनीच्या विकाराबाबत तिने तसा निष्कर्ष काढला नव्हता. तरीही कोलेस्टेरॉल, रक्तदाब, गुठळी आणि मृत्युदर हे चार वेगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत असताना ‘सिद्ध झालेले नाही’ म्हणत बसणे बाधितांवर अन्याय करणारे आहे. शिवाय पीएफएएस हे एकटे उदाहरण नाही. शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक यांमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो, असे अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०२३ मध्ये स्पष्टपणे मांडले.

खटला : जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने मितेनीशी संबंधित १५ पैकी ११ अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. सुनावलेल्या शिक्षांची बेरीज १४१ वर्षांची होते.

लोटे-परशुराम : दिवाळखोरीनंतर मितेनीच्या मालमत्तेचा लिलाव झाला. लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या भारतीय कंपनीने २०१९ मध्ये उपकंपनीमार्फत ती घेतली आणि यंत्रसामग्री खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली. यंत्रे तीच म्हणून प्रदूषणही तेच होईल असे म्हणता येत नाही. कोणती रसायने तयार होतात आणि सांडपाण्यावर कोणती प्रक्रिया होते यावर ते अवलंबून राहील. पण या वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतील मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत, आणि माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात लोट्याच्या प्रदूषणाची विशेष दखल घेतली होती. खाडीत मासे मेले, पाण्याला रंग आला, उग्र वास सुटला की कोकणातला माणूस प्रदूषण ओळखतो. पीएफएएस यातली एकही खूण दाखवीत नाहीत. ती पकडायला महागडी उपकरणे आणि प्रशिक्षित प्रयोगशाळा लागतात. पुढे तुलना करता यावी यासाठी परिसरातील विहिरींच्या पाण्याची आणि रहिवाशांच्या रक्ताची सुरुवातीची नोंदही लागते. व्हेनेतोत ती नसल्याने संशोधकांना मृत्यूच्या दाखल्यांवरून मागे जाऊन हिशेब मांडावा लागला. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या २०१२ च्या भारतीय मानकात शिसे, आर्सेनिक, कॅडमियम आणि पारा यांच्या मर्यादा आहेत. पीएफएएससाठी त्यात मर्यादा नाही.