ड्रॅक्युला : आजचे वाचन

आयरिश लेखक ब्रॅम स्टोकर (१८४७–१९१२) यांची ‘ड्रॅक्युला’ ही गॉथिक, म्हणजे गूढ-भयाची, कादंबरी १८९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ट्रान्सिल्व्हेनियातला रक्तपिपासू काउंट इंग्लंडात येऊन बळी घेऊ लागतो, हे आज पुस्तक न उघडताही ठाऊक असते. पहिल्या वाचकांना यजमान काउंटचे खरे रूप त्याच्या गढीत पाहुणा म्हणून गेलेल्या जोनाथन हार्कर या तरुण इंग्रज वकिलाबरोबरच हळूहळू कळले; आजचा वाचक पहिल्या पानापासून त्याच्या पुढे असतो. म्हणून आता काउंटच्या भीतीपेक्षा बाकीच्यांना हे कधी उमगणार याचीच तगमग जास्त.

ही तगमग रचनेने वाढते. कादंबरी रोजनिश्या, पत्रे, तारा, कात्रणे आणि वेड्यांचे इस्पितळ चालवणाऱ्या डॉ. सेवर्डने फोनोग्राफ या ध्वनिमुद्रण यंत्रावर बोललेल्या नोंदी यांतून उलगडते आणि प्रत्येकाच्या हाती एकच तुकडा असतो. काउंटला इंग्लंडात आणणाऱ्या, व्हार्ना बंदरातून निघालेल्या ‘डिमीटर’ जहाजाच्या नोंदवहीत खलाशी एकेक करून नाहीसे होतात. आजही सर्वांत अंगावर येतो तो हाच भाग. २०२१ साली सुरू झालेला एक ई-मेल उपक्रम हा मजकूर ३ मेपासून त्या त्या तारखेलाच वाचकांना पाठवतो.

चित्रपटांतून काउंट ओळखणारे मूळ पुस्तकात चकतात. तो पांढऱ्या मिशांचा म्हातारा असतो, पुढे तरुण होत जातो आणि दिवसाही हिंडतो. उन्हाने मरणारा रक्तपिपासू १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटातला. काउंटच्या छातीत खुंटी ठोकली जात नाही, त्याचा शेवट हार्करची कुकरी आणि त्याचा अमेरिकन साथीदार क्विन्सी मॉरिस याचा सुरा करतात. काउंटची बळी ठरलेल्या लूसीला चार पुरुषांचे रक्त चढवतात तेव्हा आजचा वाचक दचकतो, कारण रक्तगटांचा शोध अजून लागायचा होता. काउंटविरुद्धच्या शिकारीचा म्होरक्या, प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग याची लांबलचक भाषणे मात्र कंटाळवाणीच.

खरा वाद हार्करच्या पत्नीविषयी, मिनाविषयी, होतो. विखुरलेली कागदपत्रे टंकलिखित करून तारीखवार लावते ती, आणि शिकारीच्या बेतातून ‘बाईमाणसाला झेपणार नाही’ म्हणून वगळतात तिलाच. यावर आजच्या वाचकाचा संताप रास्त आहे, पण तो सगळा लेखकावर काढणे घाईचे. पुरुष तिला अंधारात ठेवतात नेमके तेव्हाच काउंट तिला गाठतो, म्हणजे त्या निर्णयाची किंमत कथानकच वसूल करते. पूर्वेकडून येऊन लंडनमध्ये घर विकत घेणाऱ्या परक्याची धास्ती मात्र पुस्तक कुठेच तपासून पाहत नाही. साम्राज्याने जगभर जे केले तेच आपल्या दारी घडेल, ही इंग्लंडची भीती या धास्तीत अनेक समीक्षक वाचतात.